शिल्पकारांच्या नावाने छोटी बाग करतोय, पण त्यात ठेवायचं काय?

नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण वाचाच, खरंच मदत पाहिजे.

आमच्या वॉर्डात पाण्याच्या टाकीच्या मागे एक मोकळी जागा आहे, आठेक गुंठे असेल. इतकी वर्षं तिथे नुसता राडारोडा आणि गाजरगवत होतं. आता नगरपरिषदेने तिथे बाग करायचं नक्की केलंय आणि रहिवाशांची एक समिती केली आहे, तिच्यात मी आहे. पहिल्याच मीटिंगला नाव काय द्यायचं यावर वाद सुरू झाला, याचं द्या, त्याचं द्या, अर्धा तास तेच. मग मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या की अहो या गावात पुतळे करणारी, मूर्ती घडवणारी एवढी माणसं होऊन गेली, त्यांचं नाव कुठे आहे का? त्यांच्याच नावाने करा. एकदम सगळे गप्प झाले. कारण खरंच कुठे नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम मेन चौकात जाऊन पाहिलं. तिथला पुतळा आमच्या गावातल्याच शिल्पकाराने केलेला आहे हे मला वडिलांकडून माहीत होतं. कोनशिलेवर अकरा नावं आहेत, मोजली मी. अनावरण कुणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, उपाध्यक्ष, मुख्याधिकारी, ठेकेदारसुद्धा आहे. ज्याने केला त्याचं नाव नाही. तीस वर्षं मी त्या चौकातून जातोय आणि ही गोष्ट मला आत्ता दिसली, याचं फार वाईट वाटलं.

तर बाग शिल्पकारांच्या नावाने होणार हे ठरलं, पण पुढे जो प्लॅन आलाय तो असा की मधोमध लॉन, भोवती जाळी आणि लॉनवर सहा शिल्पकारांचे सहा अर्धपुतळे, फायबरचे, वरून सोनेरी रंग, पाच फुटी चौथऱ्यावर. मला यात काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते मीटिंगमध्ये मांडता येत नाही. शिल्पकाराचा सन्मान म्हणजे त्याचाच पुतळा का? का त्याच्या कामाच्या प्रतिकृती ठेवायच्या? फायबर टिकतं का? परवानग्या कसल्या लागतात? ज्यांना या क्षेत्रातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. पुढची मीटिंग पंधरा दिवसांनी आहे.

ओतशाळा

दादा आधी फायबरचं सांगतो कारण आमचं घर तीन पिढ्या ओतकामात आहे आणि मी स्वतः फायबरची कामंही केली आहेत, त्यामुळे माल विकायला सांगतोय असं समजू नका.

फायबर वाईट नाही. घरात, हॉलमध्ये, छताखाली वर्षानुवर्षं राहतं. पण उघड्यावर ऊन त्याला खातं. वरचा थर आधी पांढुरका पडतो, हात लावला की बोटाला पावडर लागते, मग बारीक चिरा आणि शेवटी आतली काचेची जाळी वर दिसायला लागते. की मग दरवर्षी त्याच्यावर रंग. रंगावर रंग, रंगावर रंग, पाच-सात वर्षांत पापणी, ओठाची कड, कपाळाची आठी सगळं बुजतं, चेहरा बटाट्यासारखा गुळगुळीत होतो. शिल्पकाराच्या बागेत हे बघायला मिळालं तर काय म्हणायचं.

ब्राँझ महाग पडेल हे मान्य, पण एक चांगलं ब्राँझ सहा फायबरपेक्षा बरं. आपल्याकडे पुतळ्याला साधारण जो धातू वापरतात त्यात ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के असतं. आधी मातीत काम, मग त्यावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यात आतून मेणाचा थर द्यायचा, त्या मेणावर आतून बाहेरून माती-विटांच्या भुकटीचा लेप आणि ते सगळं भट्टीत भाजायचं. मेण वितळून निघून जातं आणि त्याने सोडलेल्या पोकळीत धातू ओतायचा. म्हणून तर मातीवर अंगठा फिरलेला असतो तो जसाच्या तसा धातूत उतरतो. जुना चांगला पुतळा गालाजवळ, खांद्याच्या उतारावर नीट बघा, शिल्पकाराच्या अंगठ्याचे फटकारे दिसतात. मशीनने घासून गुळगुळीत केलेल्या कामात हे मिळत नाही, आणि माझ्या मते माणूस तिथेच असतो, त्या फटकाऱ्यात.

आणखी एक, सोनेरी रंग अजिबात नको. ब्राँझला स्वतःचा रंग असतो, औषध आणि शेगडीची आच देऊन तो आणतात, त्याला पॅटिना म्हणतात, आणि नंतर त्यावर मेण चढवतात. वर्षातून दोनदा मऊ ब्रश, साधं पाणी, सौम्य साबण आणि कोरडं झाल्यावर मेणाचा हात, एवढीच देखभाल. पक्ष्यांची विष्ठा मात्र राहू द्यायची नाही, आम्ल असतं तिच्यात, डाग खोल जातो. म्हणून पुतळ्यावर वडा-पिंपळाची फांदी येईल अशी जागा निवडू नका. भांड्याची पावडर, चिंच, लिंबू याने कुणी घासून 'चकाचक' करायला लागलं तर हात धरा त्याचा.

सकाळचा_फेरफटका

विषय चांगला आहे पण आठ गुंठ्यांत सहा चौथरे, लॉन, जाळी, मग माणसांनी बसायचं कुठे? आधी बाक, सावली आणि पाण्याचा नळ बघा. लॉनला पाणी किती लागतं आणि उन्हाळ्यात ते आणणार कुठून? बागेत माणसं आली नाहीत तर शिल्पं बघणार कोण?

रिटायर्ड_कलाशिक्षक

फेरफटकावाल्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो शिल्पाच्या विरुद्ध नाही.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना दरवर्षी एक प्रश्न विचारायचो, गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे तो कुणी केला? कुणालाच यायचं नाही, शिक्षकांनाही नाही. रघुनाथ कृष्ण फडके, वसईचे, पुढे धारला जाऊन राहिले. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा सदाशिव साठे यांचा, १९६१ सालचा. आणि शिर्डीची साईबाबांची संगमरवरी मूर्ती! घराघरात जिचा फोटो आहे, रोज हजारो माणसं जिच्यापुढे हात जोडतात, ती १९५४ साली बसवली आणि ती घडवली बाळाजी वसंत तालीम यांनी. किती भक्तांना हे नाव माहीत आहे? मला यात भक्तांचा दोष वाटत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. पुतळा कुणाचा ते सगळे सांगतात, कुणी केला ते कुणी सांगत नाही, आपल्याकडची रीतच अशी पडली आहे.

तेव्हा नववी_गल्ली, तुम्हाला जे खटकतंय ते मला वाटतं हे आहे, की सहा अर्धपुतळे ठेवले तर लोकांना सहा चेहरे दिसतील, टोपी, मिशा, चष्मा. ती माणसं काय करू शकत होती ते दिसणारच नाही. गायकाच्या स्मारकात गाणं ऐकू यायला पाहिजे की नको?

तुम्ही अलिबागजवळ सासवन्याला एकदा जाऊन या, समितीला घेऊनच जा. विनायक पांडुरंग करमरकरांचं (१८९१ ते १९६७) राहतं घर आहे तिथे, तेच आता संग्रहालय आहे. हा गावातला मुलगा, देवळाच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचं चित्र काढलेलं त्यावेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिलं आणि त्याला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची सोय केली. पुढे त्याच मुलाने महाराजांचा तो प्रचंड अश्वारूढ पुतळा केला, पुण्यात १९२८ साली अनावरण झालं त्याचं. पण मला सासवन्यात जास्त हलवून गेली ती म्हैस. सिमेंटची म्हैस आहे हो, खरी म्हैस जेवढी असते तेवढी! मी पाठीवरून हात फिरवला तर हाडं लागली हाताला, खुब्याजवळचा तो उंचवटा, त्याच्यापुढची खळगी. माझ्याबरोबर शाळेची मुलं होती, त्यातला एक गवळ्याचा पोरगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. तो म्हशीभोवती दोन चकरा मारून आला आणि मला सांगायला लागला की सर, ह्यांनी म्हैस पाळलेली असणार, नाहीतर हे असं जमत नाही. त्या दिवसानंतर तो पोरगा चित्रकलेच्या तासाला पहिल्या बाकावर बसायला लागला.

तर माझं म्हणणं, प्रतिकृती ठेवा, पण चौथरा कमी करा. पाच फूट कशाला? मुलाचा हात पोचला पाहिजे. ज्यांना दिसत नाही अशा माणसांनाही शिल्प ही एकच कला हाताने वाचता येते, तर त्यांच्यासाठी ब्रेलमध्ये पाटी करा. ब्राँझला हात लागून लागून ती जागा चकाकते, चकाकू दे. आणि दिशा बघा, फार महत्त्वाचं आहे हे. उत्तरेकडे तोंड केलं तर आपल्याकडे वर्षाचा बराच काळ चेहरा सावलीत राहतो आणि मागून ऊन, म्हणजे नुसती काळी आकृती दिसते. बागेत माणसं सकाळी जास्त येत असतील तर पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड ठेवा, तिरप्या कोवळ्या उन्हात मातीकामाचे उंचसखल भाग असे काही उठून येतात की बघत राहावं.

मातीची_लेक

मी सहसा इथे लिहीत नाही, नुसती वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

माझे बाबा शिल्पकार होते. मोठं नाव वगैरे नाही, तालुक्याच्या ठिकाणी राहून आयुष्यभर काम केलं. गणपतीच्या आधी चार महिने मूर्ती, बाकीचे दिवस पुतळे, पुढाऱ्यांचे, शाळांच्या संस्थापकांचे, कुणाच्या आईवडिलांचे. अंगणात लाकडी फिरता पाट होता, त्यावर लोखंडी सळई आणि तारेचा सांगाडा, त्यावर माती. रात्री झोपायच्या आधी मातीवर ओलं गोणपाट टाकायचं काम माझं. उन्हाळ्यात मध्यरात्री उठून परत पाणी शिंपडायचं, नाहीतर सकाळी नाकाला तडा. बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम चपटं असायचं, ठसा तर उरलाच नव्हता, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटायचा नाही त्यांचा.

एका गावाने त्यांच्याकडून मोठा पुतळा करून घेतला, पावणेदोन वर्षं लागली. अनावरणाला आम्ही सगळे नवे कपडे घालून गेलो होतो. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या होत्या, आमची नव्हती. बाबा शेवटपर्यंत मागे बांबूला टेकून उभे राहिले. पडदा बाजूला झाला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि बाबा मान वाकडी करून बघत होते की डाव्या हाताची घडी उन्हात कशी दिसते. भाषणं झाली, पाऊण तास, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. येताना एसटीत मी रडले तर मला म्हणाले, अगं घडी बरोबर आली, मला धास्ती होती तिची.

मला विचाराल तर बाबांचा अर्धपुतळा बागेत नको. ते स्वतःचा फोटोसुद्धा काढू द्यायचे नाहीत. पण त्यांची हत्यारं आहेत आमच्याकडे, पाटी, तारेचे रंधे, बाभळीच्या लाकडाच्या पट्ट्या, झिजून झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराच्या झालेल्या. असं काही ब्राँझमध्ये ओतून एका बाकावर ठेवलं तर? बाकावर माणूस बसेल, शेजारी हत्यारं असतील, कुणीतरी आत्ताच हात धुवायला उठून गेल्यासारखी. आणि गावातल्या प्रत्येक पुतळ्यापाशी नाव लावा हो. बाग नंतर झाली तरी चालेल.

ओतशाळा

ताई, हत्यारांचं ओतकाम अगदी होण्यासारखं आहे. लाकडाच्या पट्टीवर रबराचा साचा घेतला की मूळ वस्तूला काही होत नाही, रेषन् रेष उतरते. फक्त बाकाला आतून बोल्टने पक्कं बांधावं लागेल, सुटं ठेवलं तर भंगारवाल्याकडे जाईल.

वकिली_करते

परवानग्यांचं विचारलंय म्हणून लिहिते, मी वकील आहे.

पुतळ्यांबाबत सामान्य प्रशासन विभागाचा २०१७ चा शासन निर्णय आहे तो आधी नगरपरिषदेतून मागून घ्या. महापुरुषांच्या पुतळ्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नमुना मंजूर व्हायच्या आधी ओतकामाची ऑर्डर देऊन बसू नका, त्यात पैसे अडकलेले पाहिलेत मी. शिवाय सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे, रस्ते, फुटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी द्यायची नाही असा. तुमचा भूखंड विकास आराखड्यात बगिचा म्हणून आरक्षित आहे का ते कागदावर बघून ठेवा. हत्यारांचा बाक, दगडातलं शिल्प यांची गोष्ट महापुरुषाच्या पुतळ्यापेक्षा वेगळी, तिथे वाट सोपी असेल, पण लेखी विचारून घ्याच.

प्रतिकृती करायच्या तर कॉपीराइट बघावा लागतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे शिल्पकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे 'मंदिरपथगामिनी' हे देवळाकडे निघालेल्या तरुणीचं शिल्प करणारे गणपतराव म्हात्रे १९४७ साली गेले, त्यांचा हक्क कधीच संपला. करमरकर १९६७ साली गेले, तर २०२७ चं वर्ष संपेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाचा फोटो किंवा चित्र काढायला कायद्याने मोकळीक आहे, त्याची तशीच्या तशी त्रिमितीतली प्रत करायला नाही. तुमच्या गावातल्या शिल्पकारांच्या घरच्यांना तर भेटाच, कायद्यासाठी नाही, त्यांच्याकडे प्लॅस्टरच्या मूळ प्रती माळ्यावर पडलेल्या असतात.

आणि मातीची_लेक, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. त्याच कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकला, पैसे घेतले, तरी 'हे काम माझं आहे' असं म्हणायचा कलाकाराचा हक्क जात नाही, आणि त्याच्या पश्चात वारसांनाही तो मागता येतो. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भलं मोठं भित्तिशिल्प केलं होतं, १९७९ साली ते काढून गोदामात टाकलं, मोडलं. ते कोर्टात गेले आणि २००५ साली दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे उरलेले भाग परत द्यायला लावले आणि पाच लाख नुकसानभरपाईसुद्धा. तेव्हा त्या गावाला साधं पत्र लिहा, पुतळ्याजवळ बाबांच्या नावाची पाटी लावा म्हणून. पत्र मी लिहून देते, फी नको.

मातीची_लेक

मॅडम, काय बोलू. आईला वाचून दाखवलं. मेसेज करते तुम्हाला.

नववी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून मीटिंगला नेलं होतं सगळं.

काय झालं ते सांगतो. सहा अर्धपुतळे रद्द. लॉनही रद्द, त्याऐवजी मुरूम आणि कडेने बकुळ, कडुलिंब. चौथऱ्यांच्या ऐवजी काळ्या दगडाचे सहा बाक, प्रत्येकावर एका शिल्पकाराचं नाव, जन्म-मृत्यूचं साल आणि गावात त्यांचं कुठलं काम कुठे आहे ते कोरायचं, म्हणजे माणूस इथून उठून तिकडे बघायला जाईल. मधे एकच ब्राँझ, कमी उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून. ते कुठलं यावर अजून एकमत नाही. एक घर सापडलंय जिथे माळ्यावर खरंच प्लॅस्टरची मूळ प्रत निघाली, पाणी भरायला निघालेल्या बाईची, डोक्यावरची घागर तुटली आहे पण मान आणि खांदा शाबूत आहे. मीटिंगमध्ये फोटो फिरवला तर 'पुतळा पाहिजेच' म्हणणारे दोन सभासद बराच वेळ मोबाइल सोडेनात. विरोध एकाच गोष्टीला आहे, काहींना वाटतं हात लावायला मुभा दिली तर लोक खराब करतील. ते पुढच्या वेळी बघू.

पण मला दुसरंच विचारायचंय. काल संध्याकाळी मी, ती आजी आणि तिचा नातू असे चौकातल्या पुतळ्यापाशी गेलो होतो. नातवाला म्हटलं, नाव कुठेतरी असणारच, शोध. मुलगा टॉर्च घेऊन चौथऱ्यावर चढला आणि मागच्या बाजूला, डाव्या टाचेपाशी, त्याला बोटाला काहीतरी लागलं. दिसत काहीच नाही, दरवर्षी जयंतीला ऑइलपेंट मारतात, त्याचे थर आहेत. पण बोट फिरवलं की कळतं. मीही फिरवलं. दोन अक्षरं आहेत, मग टिंब, मग आडनावाचं पहिलं अक्षर लागतंय आणि खाली आकडे, त्यातला ७ मला पक्का लागला. आजींना वर चढता येईना, तर नातवाने कागद लावून पेन्सिल घासून त्याचा ठसा काढून आणला. त्या कागद हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हे माझ्या मोठ्या दिरांचं अक्षर आहे.

ओतशाळा दादा, तो रंग धातूला धक्का न लावता कसा काढायचा?

ओतशाळा

खरवडू नका. तार-ब्रश, सॅंडपेपर, ब्लेड काही लावू नका, कुणी ग्राइंडर काढला तर थांबवा. रंग विरघळवणारी जेल मिळते, ती जाडसर लावून वर प्लॅस्टिकचा कागद झाकून ठेवायची, रंग फुगला की लाकडी पट्टीने अलगद उचलायचा, मग परत थर. अक्षरांच्या आत बांबूची काडी. आधी टाचेच्या मागे नखाएवढ्या जागेवर करून बघायचं. तुम्ही नगरपरिषदेकडून लेखी परवानगी तेवढी घेऊन ठेवा. गाव कुठलं ते मेसेज करा, रविवारी मी स्वतः येतो.